क्यूबेक एका रात्रीत इंग्रजी झालं? नाही हो!

आधी फॅमिली ग्रुपवर, मग कॉलेजच्या, मग सोसायटीच्या, असा तीनदा तोच मेसेज आला म्हणून शेवटी लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: 1759 ला इंग्रजांनी एका लढाईत क्यूबेक, म्हणजे कॅनडातली फ्रेंचांची वसाहत, घेतलं, फ्रेंचांना बोटींत कोंबून हाकललं, उरलेल्यांची भाषा आणि धर्म बंद केला, आणि एकच काय ते चांगलं झालं की गुलामगिरी संपली. मी मॉन्ट्रियलला राहतो, हा इतिहास इथे पावलोपावली दिसतो, आणि यातला एकही मुद्दा जसाच्या तसा खरा नाहीये.

आधी लढाई. 13 सप्टेंबर 1759 ला क्यूबेक शहराला लागून असलेल्या अब्राहमच्या पठारावर इंग्रज जिंकले, इंग्रजांचा वुल्फ आणि फ्रेंचांचा मोंकाम असे दोन्ही सेनापती मारले गेले, पाच दिवसांनी शहर शरण आलं, इथपर्यंत बरोबर. पण पुढच्या एप्रिलमध्ये फ्रेंच सैन्य परत आलं, शहराजवळची सेंट-फ्वाची लढाई जिंकलं सुद्धा, आणि शहराला वेढा घातला! नदीतला बर्फ फुटल्यावर कुमक घेऊन जहाजं आली ती इंग्रजांची, म्हणून फ्रेंचांना वेढा उठवावा लागला, आणि मॉन्ट्रियल पडलं ते 8 सप्टेंबर 1760 ला. साध्या माणसांना खरा मार बसला तो पठारावरच्या लढाईच्या आधीचे दोन महिने, नदीपलीकडून शहरावर सतत तोफा चालू, शेकडो घरं गेली, काठावरच्या गावांत घरं-कोठारं जाळली, आणि वर कॅनडाचा हिवाळा, तोही शत्रूचं सैन्य त्याच पडक्या शहरात मुक्कामाला असताना. त्या हिवाळ्यात अर्सुलिन मठातल्या नन्सनी जखमी इंग्रज सैनिकांची शुश्रूषा केली, आणि गुडघे उघडे टाकून थंडीत पहारा देणाऱ्या स्कॉटिश हायलँडर शिपायांना लोकरीचे लांब मोजे विणून दिले. मला तर त्या काळातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहिलीय.

हाकललं कोणाला? तर अकेडियाच्या लोकांना. ती 1755 पासूनची गोष्ट, आणि जागा नोव्हा स्कोशिया, जो भाग 1713 पासूनच इंग्रजांकडे होता. तिथल्या हजारो फ्रेंच कुटुंबांना खरंच जहाजांत भरून देशोधडीला लावलं, आणि त्यातले काही जण आसऱ्याला क्यूबेकलाच आले होते. मेसेजवाल्याने दोन्हीची खिचडी केलीय. क्यूबेकमध्ये 1763 च्या पॅरिस तहाने उलट 18 महिन्यांची मुदत दिली, ज्याला जायचंय त्याने मालमत्ता विकून जावं. अधिकारी, बरेच सरदार, मोठे व्यापारी गेले, पण सुमारे 70,000 लोक, बहुतेक शेतकरी, तिथेच राहिले, कारण जाणार कुठे? त्यांच्या हातात फ्रेंच सरकारचे कागदी पैसे होते आणि फ्रान्सने त्यांची पूर्ण किंमत कधी दिलीच नाही. त्याच तहात फ्रान्सला आपल्याकडचं पाँडिचेरी परत मिळालं, साखरेचं ग्वादलूप बेट परत मिळालं, कॅनडा मात्र फ्रान्सने सोडून दिला.

भाषेवर बंदी नव्हती. 1764 पर्यंत लष्करी अंमल होता, पण मॉन्ट्रियलकडे गावातले तंटे गावच्याच मिलिशिया (म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेच्या) कॅप्टनांकडे जायचे, फ्रेंचमध्ये आणि जुन्या रिवाजाने. 21 जून 1764 ला क्यूबेक गॅझेट हे वर्तमानपत्र सुरू झालं ते पहिल्या अंकापासून दोन्ही भाषांत.

धर्माचं प्रकरण जास्त किचकट आहे. चर्च चालू होती, पण कॅथलिक माणसाला सरकारी पद हवं तर स्वतःच्या धर्माविरुद्ध शपथ घ्यावी लागायची, म्हणजे दार बंदच. बिशप 1760 मध्ये वारले, बिशप नाही म्हणजे नवे पाद्री नाहीत. शेवटी इंग्रज गव्हर्नर मरेच्या मूक संमतीने इथलेच एक पाद्री ब्रियाँ फ्रान्सला गेले आणि 1766 मध्ये गुपचूप बिशप होऊन आले. शपथेची अट गेली ती 1774 च्या क्यूबेक कायद्याने, फ्रेंच दिवाणी कायदाही तेव्हा अधिकृतपणे परत आला. याला कोणी उदारपणा म्हणू नये, दक्षिणेकडच्या इंग्रज वसाहती (आजची अमेरिका) बंडाच्या तोंडावर होत्या आणि इंग्रजांना क्यूबेक शांत हवं होतं.

आणि गुलामगिरी! हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. मॉन्ट्रियलच्या शरणागतीच्या करारातलं 47 वं कलम बघा, काळे गुलाम आणि 'पानी' म्हणजे मूलनिवासी गुलाम हे मालकांकडेच राहतील असं त्यात स्पष्ट मान्य केलंय. ब्रिटिश साम्राज्यात कायद्याने मुक्ती 1834 ला आली. मघाशी ज्या क्यूबेक गॅझेटचं नाव घेतलं ना, त्याच पेपरात पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून यायच्या, आणि त्याचा मालक विल्यम ब्राउन याच्या छापखान्यात ज्यो नावाचा एक गुलाम काम करायचा. आफ्रिकेत जन्मलेला, इंग्रजी-फ्रेंच दोन्ही सफाईने बोलणारा, प्रेसवर छपाई करणारा. तो परत परत पळाला, आणि त्याला पकडून द्या म्हणून ब्राउनने त्याच पेपरात पुन्हा पुन्हा जाहिरात दिली.