धंदा वाढवायचाय? स्कूटरसकट फोटो उचला

बांधकामाच्या धंद्यात नव्यानं उतरलेल्या तरुण मित्रांनो, सांगलीत ऑफिस काढलंत, काचेचं दार बसवलंत, भिंतीवर टी-स्क्वेअर टांगलात, आणि आता माशा मारत बसलायत ना? 22 वर्षं आर्किटेक्ट म्हणून उन्हातान्हात साईटी फिरून मला जे कळलं नाही, ते गेल्या मंगळवारी एका फ्लेक्सनं शिकवलं. तेच ज्ञान तुम्हाला देतो. फुकट. आपल्यात तसंही सगळं फुकटच द्यायचं असतं.

पहिलं म्हणजे, काम करायच्या भानगडीत पडू नका. झालेलं काम उचला. शंभर फुटी रोडला चहाला थांबलो होतो, समोर हा मोठा फ्लेक्स: 'आम्ही साकारलेलं आणखी एक स्वप्न'. बंगला ओळखीचा वाटला. वाटणारच, विश्रामबागला मीच उभा केलाय तो. जिन्याच्या खिडकीची जाळी कुपवाडच्या फॅब्रिकेटरकडं तीनदा परत पाठवली होती, तरी तिचा खालचा कोपरा अर्धा इंच आत राहिला. तो कोपरासुद्धा फ्लेक्सवर. आणि पोर्चमध्ये माझी स्कूटर! फाटलेल्या सीटला चिकटपट्टी, आरशाला जेवणाचा डबा. नंबर प्लेट तेवढी पुसलेली. खाजगी माहितीची किती ती काळजी.

कुणी म्हणेल, आर्किटेक्टनं स्वतःच्या सेवेची जाहिरात करू नये, असं 1989 च्या आमच्या आचारसंहितेत लिहिलंय. मग पाळा की. नियम स्वतःच्या कामाचा आहे, दुसऱ्याच्या कामाची करा.

फी विचारली तर 'तुमचं समजून द्या' म्हणायचं.

पुरस्कार घ्या. 'सर, तुमचं नॉमिनेशन झालंय' असा फोन येतोच. पैसे भरा, पुण्याच्या हॉटेलात जा, एखाद्या नटीच्या हातून काचेचा त्रिकोण घ्या, आणि तो अशा ठिकाणी ठेवा की क्लायंटला चहा घेताना डोळ्यांत गेला पाहिजे.

बिल्डर असाल तर जाहिरातीत महारेराचा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर टाकावाच लागतो, 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडसुद्धा. टाका. फ्लेक्सच्या त्या कोपऱ्यात टाका, जिथं खांबाची दोरी बांधली जाते.

सरकारी टेंडरचं मार्केटिंग मी शिकवणार नाही. ज्याला कळायचं त्याला ते कळलेलं आहे.

आता थ्रीडी, म्हणजे न बांधलेल्या इमारतीचं कॉम्प्युटरवरचं चित्र. इथं हात आखडू नका. इमारतीमागं डोंगर लावा. दंडोबा तिकडं लांब राहिला, पण फ्लेक्सवर आणायला काय खर्च येतो? पुढं तळं, तळ्यात हंस. शामरावनगरात असाल तर तळं पावसाळ्यात आपसूक मिळतं, हंस तेवढे बघा. लॉनवर कुत्रं फिरवणारी गोरी बाई हवीच. आणि 'रिव्हर व्ह्यू' हे दोन शब्द विसरू नका, तिथंच दर चढतो. 2005 ला, 2019 ला, 2021 ला कृष्णा नदी स्वतःच व्ह्यू दाखवायला लोकांच्या घरात शिरली होती, ते ब्रोशरमध्ये घालायचं नसतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं, माणसं बोटीतून काढली. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतनं एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतल्या पुराची. आपल्याकडं तर 16 वर्षांत तीनदा झालं! पण थ्रीडीत या रेषा दिसत नाहीत. तिथं लॉन असतं.

आणि लॉनखाली काळी माती असते. मागच्या महिन्यात एका क्लायंटला म्हटलं, पाया ठरवायच्या आधी माती परीक्षण करू. 'सर, बजेट टाईट आहे ओ.' बरं. त्याच माणसानं भूमिपूजनाला ड्रोन लावला होता. भटजींच्या डोक्यावर घोंघावत होता तो, मंत्र ऐकू येईनात. अरे, काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर वरखाली होतं. मुरूम किती खाली लागतो ते बघायला पैसे नाहीत, वरनं शूटिंग करायला आहेत! जोत्याला चीर गेली की ड्रोन बोलवा, म्हणावं.

असो. फ्लेक्सवरच्या नंबरला मी फोन केला. पलीकडं एक पोरगा, आवाज गोड. 'सर, रेफरन्स इमेज म्हणून वापरलाय. तुम्हाला टॅग करू का?'

टॅग काय करतोस? त्या घराच्या स्लॅबच्या दिवशी पाऊस आला, तेव्हा ताडपत्रीचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं मालकाच्या आईनं. तू त्या घराचा उंबरा तरी ओलांडलायस का? उद्या हा फोटो बघून कुणी तुझ्याकडं आलं, तर त्याच्या घराचं स्टील कोण मोजणार, फ्लेक्सवाला?

आणि चित्र बघून चेक फाडणारे तुम्ही! कृष्णाकाठचं वांगं घेताना चारदा उलटंपालटं करून बघता, जन्माच्या घराला फोटो पुरतो? पूररेषेच्या नकाशावर प्लॉट कुठं येतो ते बघायला अर्धा दिवस मोडत नाही तुमच्यानं? आधी बांधलेल्या घरातल्या बाईला विचारा, भिंतीला ओल येते का, जिना चढताना डोकं आपटतं का. ते नको. आमच्याकडनं मात्र दोन प्लॅन फुकट काढून हवेत, आणि ते घेऊन तुम्ही जाणार त्याच फ्लेक्सवाल्याकडं.

काल तिथं नवा फ्लेक्स लागलाय. माझी स्कूटर खोडलीय त्यांनी. डबा तेवढा राहिलाय, पोर्चमध्ये हवेत लटकतोय.