घोडा माजलेला नाही, त्याचा पाय सरकतोय

दत्तजयंती जवळ आली, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची तयारी सुरू झाली, की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. ‘गाडीत दंगा करणारा घोडा माजलेला असतो. तोंड वर करून आखूड बांधा, आदल्या रात्रीपासून चारा-पाणी बंद, निघताना भुलीचं इंजेक्शन, आणि कुठेही न थांबता एका रात्रीत पोचा.’ खाली हात जोडलेला इमोजी. यंदा तो मला चौघांकडून आला. त्यातल्या दोघांची जनावरं माझ्या ओळखीची आहेत, म्हणून लिहायला बसलो.

‘माजलेला’ या शब्दापासूनच सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं तिथून बिघडतं. माझी एक घोडी गाडीत शहाण्यासारखी चढायची. रस्ता सरळ असेपर्यंत गप्प. वळण आलं की फाळक्यावर धडाधड लाथा, अंग घामाने चिंब. वर्षभर आम्हीही तिला शिव्याच घातल्या. मग एकदा मोकळ्या माळावर ड्रायव्हरला गाडी सावकाश गोल फिरवायला लावली आणि मी केबिनच्या मागच्या जाळीतून बघत बसलो. वळणावर तोल सावरायला तिला पाय फाकवायचे होते, आणि आम्ही बाजूचा बांबू पार बरगडीला टेकवून बांधलेला. ‘हलायला नको’ म्हणून! पाय टाकायला जागा नाही, खाली मुताने ओला पत्रा, त्यावर लोखंडी नाल. ती लाथा मारत नव्हती, पडू नये म्हणून धडपडत होती. बांबू हातभर सरकवला, पत्र्यावर रबरी मॅट आणि वर भुसा टाकला. पुढच्या फेरीला फाळका एकदाही वाजला नाही.

प्रत्येक घोड्याचं कारण हेच असेल असं नाही. एखादा पूर्वीच्या अपघाताने धसका घेतलेला असतो, एखाद्याला सोबत लागते. पण आधी जमीन बघा, मग जागा, मग ड्रायव्हरचा ब्रेकवरचा पाय. घोड्याचा स्वभाव त्यानंतर. आपल्याकडच्या 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांतही क्रम साधारण हाच आहे: पाय न घसरणारी जमीन, दोन जनावरांच्या मध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना बुजू नये म्हणून तोंडं डावीकडे, आणि एका गाडीत फार तर चार ते सहा घोडे. बाजारातून परतणारे ट्रक एकदा मोजून बघा.

आता आखूड बांधण्याचं. यात मला सगळ्यात जास्त धोका दिसतो, कारण वरून बघताना घोडा शांत वाटतो. घोडा मान खाली घालतो तेव्हा श्वासनळीतली धूळ, शेंबूड, घाण बाहेर पडते. तासन्‌तास तोंड वर राहिलं की तीच घाण जंतूंसकट फुप्फुसाकडे उतरते. लांबच्या प्रवासानंतर येणारा ताप आणि न्यूमोनिया बऱ्याचदा असाच सुरू होतो. दोर इतका ठेवा की तोंड निदान छातीपर्यंत खाली येईल, पण पाय दोरात अडकणार नाही. गाठ मात्र एका झटक्यात सुटणारी हवी.

चारा-पाणी बंद करण्यात अर्धं खरं आहे. निघण्याआधी हरभऱ्याचा तोबरा नकोच. पण कोरडा चारा थांबवू नका. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपतं आणि ते शमवणारी लाळ चावल्याशिवाय सुटत नाही. उपाशी पोटी अल्सर, आणि पाणी तुटलं की पोटशूळ. परक्या गावचं पाणी काही घोडे हुंगून सोडून देतात. त्यासाठी आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा गूळ घालायची सवय लावा, वाटेतल्या पाण्यातही तेवढाच घाला. किंवा सरळ घरचे कॅन भरून न्या.

रात्रीचा प्रवास? उन्हाळ्यात उत्तम. न थांबता मात्र नाही. गाडी चालू असताना घोड्याच्या पायांना क्षणभर सुट्टी नसते, आणि बरेच घोडे चालत्या गाडीत मुततही नाहीत. चार तासांनी अर्धा तास सावलीत गाडी उभी करा, दोर सैल सोडा, पाणी दाखवा. रस्त्याकडेला उतरवायची गरज नाही, तिथे उधळला तर वेगळंच संकट. वर सांगितलेल्या नियमांत ताशी 35 किलोमीटरची मर्यादा आहे. ती वाचून ड्रायव्हर हसतात. हसू देत.

राहिलं इंजेक्शन. ज्याचा त्रासच तोल जाण्याचा, त्याला झिंग आणून हलत्या पत्र्यावर उभा करायचा, हे कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे. झिंगलेला घोडा लाथ मारत नाही हाही गैरसमजच. शिवाय काही गुंगीच्या औषधांनी नर घोड्याचं लिंग बाहेर आलेलं आत जात नाही, आणि पैदाशीचा घोडा कायमचा बाद होऊ शकतो. औषध लागतंच असेल तर ते पशुवैद्यक घोडा तपासून ठरवेल. मेडिकलवाला किंवा ड्रायव्हर नाही.

पोचल्यावर लगेच रिंगणात नाचवायला काढू नका. दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा. पारा 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि घोडा दाण्याला तोंड लावेना, तर गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी सौदा राहू द्या, आधी डॉक्टरला फोन करा.