‘शिक्षकांनी फक्त शिकवावं’ म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या शाळांविषयी एक आरोप पुन्हा पुन्हा फिरवला जातो. लॅटिनो, म्हणजे मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या लोकांच्या वस्त्यांमधले चळवळे शिक्षक मुलांच्या मनात गोऱ्यांचा द्वेष भरतात, त्यात अभ्यासाचं वाटोळं होतं, पोरांना फूस लावून रस्त्यावर उतरवलं जातं आणि हा सगळा खटाटोप शेवटी पगारवाढीसाठी असतो, असं म्हणतात. पुरावा म्हणून ॲरिझोना राज्यातल्या ट्यूसन शहराचं नाव हमखास येतं, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

पहिला मुद्दा द्वेषाचा. ट्यूसनच्या सरकारी शाळांत १९९८ पासून मेक्सिकन-अमेरिकन इतिहास-साहित्याचे वर्ग चालत आणि ते सगळ्यांना खुले होते. २०१० मध्ये राज्याने कायदा करून वंशावंशांत तेढ वाढवणाऱ्या वर्गांवर बंदी आणली. हे वर्ग त्यात मोडतात का, हे तपासायला राज्याचे शिक्षणप्रमुख जॉन हपेन्थाल यांनी स्वतःच बाहेरची संस्था नेमली. तिला कायदा मोडल्याचा पुरावा सापडला नाही. तरी हपेन्थाल यांनी आपणच मागवलेला अहवाल बाजूला सारला आणि वर्ग चालू ठेवले तर अनुदान कापू, असा दम दिला. जानेवारी २०१२ मध्ये वर्ग बंद झाले आणि सात पुस्तकं खोक्यांत भरून गोदामात गेली.

अकरा शिक्षक आधीच कोर्टात गेले होते. पुढे खटला विद्यार्थ्यांच्या नावाने चालला. हपेन्थाल टोपणनावाने इंटरनेटवर काय लिहीत होते, तेही त्यात पुरावा म्हणून आलं. स्पॅनिश रेडिओ नको, स्पॅनिश फलक नकोत, वर्तमानपत्रं नकोत. मेक्सिकन जेवण खुशाल विका, पण मेनू मुख्यतः इंग्रजीत हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीश वॉलेस ताशिमा यांनी निकाल दिला की कायदा करताना आणि राबवतानाही वांशिक आकस होता आणि विद्यार्थ्यांचे घटनादत्त हक्क डावलले गेले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचे म्हणून ताशिमांना लहानपणी याच ॲरिझोनात, पोस्टनच्या छावणीत डांबलं होतं. निकाल पुराव्यावरच उभा आहे, पण हे कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही. ट्यूसनचं उदाहरण देणारे वर्ग बंद झाल्याचं सांगतात, हा निकाल मात्र गाळतात.

अभ्यासाचं म्हणाल तर ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी आकडे तपासले. या वर्गांत येणाऱ्या मुलांचे आधीचे गुण इतरांपेक्षा कमी होते. तरीही राज्याची परीक्षा आणि बारावी पार करण्याची त्यांची शक्यता इतरांहून जास्त निघाली. म्हणजे मागे पडलेली मुलंच वर आली. शिक्षक याहून वेगळं काय करणार?

आता फूस लावण्याचं. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिस या मेक्सिकन-अमेरिकन भागातल्या शाळांतून हजारो विद्यार्थी बाहेर पडले, तेव्हा लिंकन हायस्कूलचे शिक्षक साल कास्त्रो त्यांच्यासोबत होते, आखणीतही होते. ते लपवायचं कारण नाही. पण मुलं काय मागत होती ते पाहा : आपला इतिहास पुस्तकात हवा, आपल्या समाजातले शिक्षक हवेत, मारझोड थांबवा, जेवणाच्या सुट्टीत शौचालयांना कुलूप लावू नका. शौचालयाचं कुलूप रोज बघणाऱ्या पोराला कोणी फूस लावावी लागत नाही. कास्त्रोंसह तेरा जणांवर कटाचा आरोप ठेवला गेला, कास्त्रोंना वर्गातून हटवलं. पालक आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहात ठिय्या देऊन त्यांना परत आणलं, आणि १९७० मध्ये अपील कोर्टात आरोपही रद्द झाले. पुढे त्याच शहरात एका शाळेला कास्त्रोंचं नाव दिलं गेलं.

पगाराचा मुद्दा थोडक्यात निकालात निघतो. जानेवारी २०१९ मध्ये लॉस एंजेलिसचे तीस हजारांवर शिक्षक सहा दिवस संपावर होते. तिथले बहुतांश विद्यार्थी लॅटिनो आहेत. सहा टक्के वाढ संपाआधीच देऊ केली होती आणि तडजोडीतही सहाच टक्के मिळाली. संपाने मिळवलं ते वेगळंच : प्रत्येक शाळेत पूर्णवेळ नर्स, वर्गांतली मुलांची संख्या कमी, माध्यमिक शाळांना ग्रंथपाल आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी वकिलाची मदत.