डव्हटेल बिघडवण्याची खात्रीशीर रीत

हातानं पहिला डव्हटेल, म्हणजे दोन फळ्या कोपऱ्यात एकमेकींत अडकवणारा सांधा, कापायचा असेल तर वैशाखात बसा. पारा 45 च्या वर, लाइन गेलेली, मृगाला अजून वेळ, आणि घरचे लोक ढोलीत गुरांचं कुटार भरा, कूलरच्या ताट्या बदला म्हणून मागं लागलेले. या सगळ्यांतून सभ्यपणे निसटायचं तर हाती करवत हवी. करवतवाल्या माणसाला कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. निदान पहिले दोन दिवस.

त्याआधी आठ दिवस मोबाईलवर व्हिडिओ पाहा. एका फळीच्या टोकाला पंख्यासारख्या पसरत गेलेल्या शेपट्या, दुसऱ्या फळीला त्यांच्यामध्ये बसणाऱ्या पिना. एकमेकींत सरकवल्या की ओढून निघत नाहीत. खिळा नको, स्क्रू नको. यात इंग्रजाला कबुतराची शेपटी दिसली, जर्मन आणि फ्रेंच माणसाला भिंगरी पाखराची. गावच्या सुतारमामांना मी हे कौतुकानं सांगितलं, तर म्हणाले, "शेपटी कोनाची बी असो, आडकली पायजे."

शेपट्या आधी कापायच्या की पिना, यावर तिकडे जुनं भांडण आहे. तुम्ही ताबडतोब एक बाजू घ्या आणि हिरिरीनं मांडा. आपण अजून करवत हाती धरलेली नाही ही बाब मध्ये येऊ देऊ नका. इजिप्तच्या जुन्या थडग्यांतल्या लाकडी सामानात हा सांधा सापडतो, म्हणजे हजारो वर्षांमागं तांब्या-काशाच्या पटाश्यांनी (लाकूड कोरायच्या छिन्न्यांनी) तो जमत होता, हे मात्र घरात सांगू नका. तुमच्या नव्या पटाश्यांचं बिल घरच्यांनी पाहिलेलं असतं.

पटाश्या सहाच्या संचातच घ्या. पेटी सुंदर येते. चार पटाश्या त्या पेटीतून कधीच बाहेर निघणार नाहीत, तरी घ्या. आणि त्यांना धार लावायच्या भानगडीत अजिबात पडू नका. नवी वस्तू आहे, कंपनीनं लावलीच असेल. मीही हेच धरून चाललो होतो. मामांनी विचारलं, "पटाशीले धार लावली का?"

"नवीन आहे मामा."

"नवीन हाय म्हून तं इचारलं."

नव्या पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट करायची, मग 25 ते 30 अंशाच्या उतारावर धार काढायची, मनगटावरचे केस निघेपर्यंत. यात एक दुपार जाते आणि दाखवायला हाती काहीच नसतं. म्हणून ही पायरी आपण गाळतो.

आता लाकूड. फळवाल्याकडे मोकळ्या पेट्यांच्या फळ्या पडलेल्या असतात. त्यांवर दहा-बारा सांधे बिघडवून मग चांगल्या लाकडाला हात घालावा, असं म्हणतात. भित्र्यांचं काम आहे ते. तुम्ही सरळ आजोबांच्या पडक्या वाड्यातल्या दाराची सागवानी फळी काढा. साग म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं वैभव. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपुरातून सागवान गेलं. तेच लाकूड तुम्हाला गोळ्या-औषधांच्या डब्यासाठी वापरायचं आहे, तर मागं कशाला हटायचं? सागात वाळूसारखी सिलिका असते, चांगली धारसुद्धा तो लवकर बोथट करतो. तुमच्या पटाशीला ती भीती नाही.

शेपटीचा उतार नरम लाकडाला सहास एक (सहा पुढं जाताना एक बाजूला), टणक लाकडाला आठास एक असा ठेवतात. एवढासा उतार लांबून दिसतही नाही, मग केला कशाला? तुम्ही तीनास एक करा, पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखा. शेपटीच्या कोपऱ्यात लाकडाचे तंतू आखूड पडतात आणि पहिल्याच ठोक्याला कोपरा उडतो. उडालेला तुकडा पायाखाली शोधून ठेवा, पुढं चिकटवायला लागतो.

रेघा पेन्सिलीनं मारा, तीही किराणा दुकानातल्या जाड पेन्सिलीनं. जाणकार लोक चाकूनं रेघ ओढतात, कारण त्या खाचेत पटाशी आपोआप बसते. पेन्सिलीच्या रेघेचा फायदा असा की तिला दोन काठ असतात. चूक झाली की दुसऱ्या काठाकडे बोट दाखवता येतं. जो भाग काढून टाकायचा त्यावर फुली मारावी, म्हणजे करवत फुलीच्या बाजूला चालते आणि रेघ शाबूत राहते. मीही फुल्या मारल्या. नंतर चहा घेऊन आलो, आणि फुली म्हणजे 'हे ठेवायचं' की 'हे काढायचं' यावर स्वतःशी थोडी चर्चा केली. बहुमत 'ठेवायचं' कडे गेलं. चारही शेपट्या गेल्या. त्यांच्या जागी चार खिडक्या आल्या, आणि खरं सांगतो, खिडक्या अगदी काटकोनात होत्या.

शेपट्यांसाठी नवी फळी घेऊन तिच्यावर पटाशी चालवली ती गोष्ट जरा जवळून सांगतो, कारण इथं सगळ्यांचा हात चुकतो. शेपट्यांच्या बुडाच्या रेघेवर पटाशी उभी ठेवून जोरात ठोकली, की तिचा एका बाजूचा उतार लाकडात पाचरीसारखा शिरतो आणि पटाशी मागं रेटली जाते. पातं रेघ ओलांडून बसतं. ठोकणाऱ्याला कळत नाही, कारण तो बिचारा अजून रेघेवरच पाहत असतो. जाणते लोक आधी रेघेपासून केसभर अलीकडे ठोकतात, मधला गाळा काढतात, शेवटची सालपट तेवढी रेघेवरून उतरवतात. शिवाय अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, मग फळी उलटून दुसऱ्या बाजूनं. तुम्ही एकाच बाजूनं आरपार जा. खालच्या बाजूनं जी ढलपी निघते ती पाहण्यासारखी असते. बोथट पटाशी सागाला कापत नाही, चावते. आईनं ओसरीतून विचारलं, "उंदीर लागला का रे? आन् कुटार कवा भरतं?"

पिना आखताना शेपट्यांची फळी दुसरीच्या टोकावर ठेवून शेपट्यांची कड चाकूनं उतरवून घेतात. म्हणजे शेपट्या वाकड्या असल्या तर पिनाही तशाच वाकड्या होतात आणि दोघींचं जमतं. पण तुम्ही दहावीला भूमिती घेऊन पास झालेले. टेपनं मोजा, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत.

मग बसवून पाहा. सांधा अर्धा शिरतो आणि अडतो. कुठं घासतंय ते बघून तेवढीच सालपट काढा, असं मामा म्हणाले होते. आपण हातोडा घेतो. सागाची फळी चिरते तेव्हा मोठा आवाज होत नाही. वाळलेली तुराटी मोडावी तसा बारीक 'कट' येतो आणि रेघ सरळ आजोबांच्या कडीकोयंड्याच्या भोकापर्यंत जाते.

फटींची चिंता करू नका. पावसाळ्यात लाकूड फुगून त्या भरून येतील, असं एक मित्र म्हणाला. लाकूड रुंदीत फुगतं हे खरंच आहे. फक्त दोन्ही फळ्या बरोबरीनं फुगतात आणि फट होती तशी राहते. तेव्हा फेविकॉलमध्ये भुसा कालवून भरा. डिंक पातळ थरातच धरतो, रुंद फटीत तो नुसता वाळतो, पण लांबून फोटो बरा येतो.

माझा सागाचा भुसा पुरला नाही. एवढ्या कापाकापीतही आमच्याकडे भुसा कमी आणि ढलप्या जास्त निघाल्या होत्या. म्हणून मामांकडे गेलो. तिफणी लोखंडाच्या झाल्या, वखर ट्रॅक्टरला लागला, बलुतं तर त्यांच्या वडिलांबरोबरच गेलं. पण तान्ह्या पोळ्याच्या पोरांना लाकडी नंदी लागतोच, त्यामुळे मामांच्या छपरीत अजून भुसा असतो. बाजूला पायात फळी धरून ते नंदीचं वशिंड उतरवत होते. पटाशी त्यांची बोटभरच उरली होती, धार लावून लावून झिजलेली. लोण्यातून जावी तशी चालत होती.

मी डबा पुढं केला. त्यांनी तो फिरवून पाहिला, एका फटीत नख घातलं, मग बोटाचं पेर घातलं.

"कायच्यासाठी केला?"

"आईच्या गोळ्या ठेवायला."

"पट्टीतल्या गोळ्या ना?"

"हो."

"मंग नाई पडत."

मी भुशासाठी आणलेली छोटी प्लॅस्टिकची पन्नी काढली. मामांनी पन्नीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि आत पोत्याची चुंगडी शोधायला गेले.