जोखीम खाली सरकवण्याची कला

मुख्याध्यापक महोदय, संस्थाचालक साहेब आणि 'एआय समन्वयक' ही नवी घंटा ज्यांच्या गळ्यात बांधली गेली ते संगणकाचे सर,

अभिनंदन! तुमच्या शाळेत एआय आले. मुलांच्या खिशातून आले की विक्रेत्याच्या रंगीत सादरीकरणातून, याच्या खोलात शिरू नका. आले म्हटल्यावर जोखीम व्यवस्थापन आलेच. त्यासाठी एकच नियम पाठ करा: जोखीम कमी करायची नसते, खाली सरकवायची असते. संस्थेने ती मुख्याध्यापकांवर ढकलावी, त्यांनी शिक्षकांवर, शिक्षकांनी पालकांवर, पालकांनी मुलावर. मुलाच्या खाली फक्त बाक असतो. तिथे ती आपोआप थांबते.

सुरुवात बंदीने करा. बंदीला खर्च नाही, प्रशिक्षण लागत नाही आणि परिपत्रक एका पानात मावते. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी ते आपल्या नेटवर्कवरून हद्दपार केले. मे महिन्यात बंदी उठवली. मधल्या काळात मुले रोज शाळा सुटल्यावर घरी जात होती, एवढा एक तपशील राहून गेला होता. तुमच्यावरही तशी वेळ आली, तर माघार हा शब्द वापरू नका. 'धोरणाचा फेरआढावा' म्हणा, तो कधीही घेता येतो.

मग धोरण. युनेस्कोने २०२३ मध्ये साडेचारशेहून अधिक शाळा-विद्यापीठांकडे चौकशी केली, तेव्हा याबाबत काही धोरण किंवा लेखी सूचना असलेल्या संस्था दहा टक्केही निघाल्या नाहीत. तेव्हा नुसती फाईल उघडलीत तरी तुम्ही अग्रगण्य. मजकूर यंत्राकडूनच लिहून घ्या. 'मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहावे' हे कलम त्याला फार छान जमते. वर्गात ही साधने वापरायला किमान १३ वर्षांचे वय असावे, असेही युनेस्कोने त्याच वर्षी सुचवले आहे. त्यात अवघड काही नाही. 'मी १३ वर्षांचा आहे' या चौकटीत खूण कशी करायची, हे पाचवीच्या संगणकाच्या तासाला शिकवून टाका. प्रात्यक्षिकाचे गुणही देता येतील.

संमतिपत्राकडे मात्र जातीने लक्ष द्या. ते चौदा पानी असावे. पालकसभा संपत आली, खुर्च्या सरकल्या, लहान भावंडे रडू लागली, की वाटायचे. शिपायाने शेवटचेच पान उघडून, सहीच्या रेघेखाली अंगठा ठेवून पुढे करायचे. कोणी विचारलेच की मुलांची माहिती कुठे जाते, तर 'क्लाउडमध्ये' म्हणून हात वर दाखवायचा. एवढे केलेत की चिंता नाही. स्वीडनमधल्या एका शाळेची थोडी फसगत झाली, ती गोष्ट वेगळी. तिने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली आणि संमती घेतली होती असे सांगितले. तिथल्या माहिती-संरक्षण यंत्रणेने २०१९ मध्ये दोन लाख क्रोनर दंड ठोठावला. म्हणे, शाळेपुढे मूल आणि पालक इतके दबलेले असतात की त्यांच्या होकाराला खरा होकार म्हणता येत नाही. आता दबलेले नसतील तर सह्या करतील का, हा साधा विचार त्या लोकांना शिवला नाही.

आता मुख्य हत्यार: निबंध माणसाचा की यंत्राचा हे ओळखणारे सॉफ्टवेअर. चॅटजीपीटी बनवणाऱ्या कंपनीनेच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये काढले होते. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ओळखला, आणि माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर यंत्राच्या नावावर मांडला. जुलैत ते गुपचूप मिटवले. ज्याने कुलूप केले, त्यालाच ते उघडता येईना. पण तुम्ही एवढे हळवे होऊ नका, तुम्हाला फक्त आकडा हवा आहे. आकड्यापुढे टक्क्याचे चिन्ह असले की तो पुरावा होतो.

ही साधने चालतात कशी, हे शिक्षकांना सांगू नका, उगाच शंका येतात. ढोबळमानाने असे की पुढचा शब्द जितका सहज ताडता येतो, तितका मजकूर यंत्राचा. त्यामुळे परक्या भाषेत जपून, ओळखीच्या शब्दांचा हात धरून लिहिणारा आधी सापडतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ इंग्रजी निबंध अशा सात साधनांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त यंत्राचे ठरले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे काम पूर्वी हाताने करावे लागे. शिवाय आठ वर्षे प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप असा साचा घोटून घ्यायचा आणि नवव्या वर्षी साचा सापडला म्हणून धरायचे, यातली गंमत वेगळीच.

आरोपीची चौकशी शिक्षक-खोलीत करावी, मधल्या सुट्टीत, बाकीचे शिक्षक डबे उघडून बसलेले असताना. आठवीतली मुलगी. वहीच्या कडेवर पेनाची शाई सांडलेली, तिसऱ्या ओळीत दोनदा खाडाखोड. खाडाखोडीकडे बघू नका, पडद्यावरचा आकडा बघा.

"'अपरिहार्य' हा शब्द तुला कुठून सुचला?"

"आजी म्हणते, मॅडम."

"आजीला लेखी द्यायला सांग."

इथे एखादा भोचक पालक विचारेल की प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर 'नक्कीच! आठवीसाठी दहा प्रश्न खालीलप्रमाणे' हे कोणी छापले? गोंधळू नका. मुलांनी केली तर ती लबाडी, आपण केले तर ती कार्यक्षमता. आणि आपल्या यंत्राने घोळ घातलाच, तर दोष यंत्राचा. याचा धडा इंग्लंडने २०२० मध्ये घालून दिला आहे. महामारीत परीक्षा रद्द झाल्या, गुण एका सूत्राने ठरवले, सूत्राने शाळेचा जुना निकाल वजनात धरला आणि ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, जवळपास ४० टक्के निकाल शिक्षकांच्या अंदाजाखाली उतरले. मुले रस्त्यावर आली, चार दिवसांत सगळे मागे घेतले. पुढे पंतप्रधान बोरिस जॉन्सन एका शाळेत मुलांनाच सांगून आले की तुमचे गुण 'म्युटंट अल्गोरिदम'मुळे, म्हणजे त्या बिघडलेल्या सूत्रामुळे, घसरता घसरता राहिले. अल्गोरिदमने खुलासा केला नाही. त्याच्या आजीला लेखी द्यायलाही कोणी सांगितले नाही.

तर त्या मुलीचे पुढे काय झाले, हे तुमच्या अहवालासाठी सांगतो. पुढच्या निबंधात तिने 'अपरिहार्य' काढून 'करावच लागतं असं' लिहिले. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ मुद्दाम चुकवले, एक वाक्य अर्धवट सोडले, मैत्रिणीकडून तपासून घेतले की पुरेसे वाईट झाले आहे ना. साधनाने निर्वाळा दिला: शंभर टक्के मानवी. नोंदवहीत शेरा मारा, 'जोखीम निवारण झाले', खाली सही, शिक्का. शुद्धलेखनाचे दोन गुण कापले गेले, पण तो मराठीच्या मॅडमचा विभाग.