आपल्या अभिप्रायास उत्तर: पुण्यातील बेने इस्राएल विवाहातील संगीताबाबत

नमस्कार.

पुण्यातील बेने इस्राएल (महाराष्ट्रातील मराठी भाषिक ज्यू समाज) विवाहात आमच्या स्ट्रिंग क्वार्टेटने, म्हणजे चार तंतुवादकांच्या चमूने, नवरीच्या आगमनाला 'हिअर कम्स द ब्राइड' वाजवले नाही, पाहुणे जमत असताना संथ, अनोळखी सुरावटी वाजवल्या आणि मुख्य विधीच्या वेळी वादक नुसते बसून राहिले, अशी आपली तक्रार आहे. वादनाची यादी वधूवरांनी आमच्याबरोबर बसून ठरवली होती आणि त्यांच्या संमतीनेच मी हे उत्तर देत आहे.

आपण म्हणता ती नवरीच्या आगमनाची सुरावट जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर यांच्या 'लोहेनग्रिन' या ऑपेरातील आहे. हा ऑपेरा १८५० साली प्रथम रंगमंचावर आला. त्याच वर्षी वाग्नर यांनी संगीतक्षेत्रातील ज्यूंविषयी अत्यंत द्वेषपूर्ण लेख टोपणनावाने छापला आणि १८६९ मध्ये तो स्वतःच्या नावाने पुन्हा प्रसिद्ध केला. ज्यू नवरी हुप्पाकडे, म्हणजे विवाहविधीच्या छत्राकडे, येत असताना ही रचना वाजवणे आम्हाला पटत नाही, आणि तसे आम्ही प्रत्येक ज्यू कुटुंबाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो. शिवाय बेने इस्राएल रीतीप्रमाणे नवरी येताना नवरदेव स्वतः तिच्यासाठी 'योनाती झिव' हे हिब्रू गीत गातो. त्या आवाजावर आम्ही आमची वाद्ये चढवली असती, तर ती आगळीक ठरली असती.

जर्मन संगीतकार मेंडेल्सोन यांच्या वेडिंग मार्चचा, म्हणजे लग्नात वाजवल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रसिद्ध रचनेचा, प्रश्न वेगळा आहे. त्यांचा जन्म ज्यू कुटुंबात झाला, लहानपणी त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरीही नाझी राजवटीने त्यांच्या संगीतावर बंदी घातली. काही कुटुंबांना ही रचना चर्चमधली वाटते, काहींना आपली. म्हणून हा निर्णय आम्ही घरच्यांवर सोडतो. या वधूवरांना ती हवी होती आणि विधीच्या शेवटी रीतीप्रमाणे काचेचा पेला फोडल्यावर लगेच आम्ही ती वाजवली.

आपल्याला संथ वाटलेल्या रचना सालोमोने रॉसी यांच्या होत्या. इटलीतील मांतुआच्या दरबारातील हे ज्यू संगीतकार असून त्यांच्या वाद्यरचनांचा पहिला संग्रह १६०७ चा आहे. ज्यू संगीतच हवे होते तर संगीतकार माक्स ब्रूख यांचे 'कोल निद्रे' का नाही, असेही आपण विचारले आहे. चेलोसाठीची ती रचना अप्रतिम आहे, पण तिचा मूळ स्वर योम किप्पूरच्या, म्हणजे उपवासाच्या आणि प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या प्रार्थनेचा आहे; लग्नात ती आम्ही कधीच सुचवणार नाही. आनंदाच्या प्रसंगासाठी ज्यू संगीतकार अर्नेस्ट ब्लॉख यांच्या 'बाल शेम' या व्हायोलिनसाठीच्या रचनेतील 'सिम्हास तोरा' (तोरा या धर्मग्रंथाचा आनंदोत्सव) हा भाग आहे आणि जेवणाच्या वेळी तो आम्ही व्हायोलिनवर वाजवला.

केतुबाचे (ज्यू विवाहपत्राचे) वाचन आणि विवाहाचे सात आशीर्वाद चालू असताना आम्ही वाद्ये खाली ठेवतो. ते शब्द वधूवरांना आणि साक्षीदारांना नीट ऐकू यावेत, ही आमची अट आहे. ती वादनाच्या करारात लिहिलेली असते आणि त्या वेळेचे वेगळे पैसे आम्ही लावत नाही.

आपल्या घरी पुढे कार्य असेल, तर यादी ठरवण्याच्या बैठकीला आपण जरूर यावे.