दहा हजाराच्या आतली गिटार म्हणजे पैसे पाण्यात? नाही हो

"दहा हजाराच्या आतली इलेक्ट्रो-अकौस्टिक घेऊ नका, टॉप प्लायवूडचा, ॲक्शन उंच, पिकअप भंगार, सुधारून काही होत नाही" हा मेसेज (इलेक्ट्रो-अकौस्टिक म्हणजे पिकअप बसवलेली, अँपला जोडता येणारी गिटार) सध्या बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपवर जोरात फिरतोय आणि शिकायला निघालेली पोरं तो वाचून मागं सरतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतोच.

टॉप, म्हणजे गिटारीची वरची फळी, लॅमिनेटचा (थर चिकटवलेल्या प्लायवूडचा) असतो, खरंय, आणि अखंड लाकडाच्या सॉलिड टॉपची खोली त्याला येत नाही. पण खानापूरचा पाऊस बघा की, भिंतीला ओल येते, नंतर हिवाळ्यात कोरडी हवा, अशात सॉलिड टॉप फुगतो-आकसतो, त्याला जपावं लागतं. लॅमिनेट त्यामानानं कमी हलतो.

ॲक्शन उंच, म्हणजे तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) फार वर, हे तर सगळ्यात सोपं दुखणं. बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली अडीच मिमीच्या आसपास अंतर असलं की बोटं दुखत नाहीत. आधी ट्रस रॉडनं, म्हणजे नेकच्या (दांड्याच्या) आतल्या सळीनं, नेकचा बाक बघून घ्यायचा, मग सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात तो बारका तुकडा, काढून खालून घासायचं, बाराव्या फ्रेटवर 1 मिमी उतरवायचं तर सॅडल 2 मिमी घासावं लागतं, तेही थोडं थोडं, कारण जास्त गेलं तर नवीनच आणावं लागतंय.

आणि पिकअप भंगार म्हणतात ना, त्यातली बरीच तक्रार याच सॅडलची असते! पिएझोची पट्टी, म्हणजे तारांचा कंप पकडणारा पिकअप, सॅडलच्या खाली बसते, तळ वाकडा राहिला की दाब सारखा पडत नाही, मग एक तार ओरडते आणि शेजारची गप्प. आपल्या शेजारी मिरजेत सतारीची जवारी (तारांचा घुमारा) काढणारे कारागीर घोडी, म्हणजे तारा टेकतात तो ब्रिज, घासूनच आवाज खुलवतात, इथंही तळ सपाट झाला की फरक लगेच ऐकू येतो. आवाज फाटला तर गिटारीतली 9 व्होल्टची बॅटरी बदलून बघा, आणि वाजवून झालं की जॅक काढा, तो लावलेला असला की प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं सर्किट) चालूच राहतो. पिएझोचा तो टोकदार, प्लास्टिकसारखा आवाज तर महागड्या गिटारीतही येतो, इक्यूवर, म्हणजे टोनच्या बटणांवर, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) थोडा खाली घ्या.

घरच्या घरी सुधारत नाही ते वेगळंच आहे: पिळलेली नेक, टॉपवरून उचललेला ब्रिज. म्हणून दुकानातच ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का बघा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा आणि अँपला लावल्याशिवाय पैसे देऊ नका.